निरोपाची पायवाट

उमरखेडच्या आठवडी बाजारात पूर्वी एक प्रश्न हमखास कानावर यायचा. ‘बिटरगावकडचं कोनी हाय का बापा?’ विचारणाऱ्याला स्वतःला बिटरगावला जायचे नसे. लेकीच्या सासरी सांगावा धाडायचा असे. बिटरगावचे कोणी भेटले तर उत्तमच. नाही भेटले तर ढाणकीचा माणूसही चालायचा, कारण ढाणकीवाल्याला बिटरगावचा कोणीतरी ठाऊक असणारच. सांगावा नेणाऱ्याला सगळी वाट माहीत नसायची, पुढचा हात तेवढा माहीत असायचा. तरीही नागपंचमीला लेक माहेरी येऊन दारात उभी राहायची.

या पुस्तकाचा विषय तोच सांगावा आहे. फरक इतकाच की इथे तो हवेतून जातो आणि तो नेणारे हात एका जागी बसलेले नसतात. जीपवर, बोटीत, माणसाच्या कमरेला, हल्ली ड्रोनवरही लावलेले रेडिओ संच आपसांतच जाळे जमवतात. मध्ये टॉवर नाही, एक्स्चेंज नाही, मालक नाही. प्रत्येक संच आपले बोलतो आणि दुसऱ्याचे पुढेही देतो. तंत्रज्ञ याला ‘मोबाइल अॅड हॉक नेटवर्क’, थोडक्यात ‘मॅनेट’ म्हणतात. मी पुस्तकभर ‘फिरते जाळे’ म्हटले आहे. अँटेना, बॅटरी, संचाची ताकद हे सगळे पुस्तकात येते, पण ओझरते. मुख्य पात्र आहे ते राउटरमधले सॉफ्टवेअर. हाती आलेला निरोप आता कोणाच्या हाती द्यायचा, हा निर्णय सेकंदाच्या आत घेणारे ते डोके गेल्या तीस वर्षांत कसकसे शहाणे होत गेले, याची ही हकिगत आहे.

उमरखेडात बसून असले पुस्तक कशाला, असे मला दोघातिघांनी विचारले. त्यांना मी खिडकीबाहेर पाहायला सांगतो. पैनगंगा वळसे घेत तालुक्याची सीमा आखते, पलीकडे मराठवाडा. अलीकडे अभयारण्य, सागाचे जंगल आणि ‘बंदी भाग’ म्हणून ओळखली जाणारी गावे. तिथल्या कितीतरी ठिकाणी ‘रेंज’ ही टेकडीवर चढून शोधायची वस्तू आहे. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो, मग वीज जाते, आणि विजेपाठोपाठ टॉवरची बॅटरी उतरली की तोही मुका होतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी. वाहून गेली आणि माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, चाळिसावर लोक अडकले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांपर्यंत गोष्ट गेली.

असे जाळे असते तर ती बस वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पुस्तकाचे महत्त्व वाढवायला मेलेल्यांची साक्ष काढू नये. पण पुरात गरज कोणत्या प्रकारची असते ते अशा प्रसंगांतून समजते. बचावाची बोट, तहसीलची जीप, काठावरचा होमगार्ड, छपरावर चढलेला पोरगा. सगळे हलते आहेत, आणि त्यांच्यापैकी जवळच्या दोघांनाच काय ते एकमेकांचे ऐकू येते. वॉकीटॉकीवर आवाज पोचला तर पोचला, नाही तर मधला माणूस तोंडाने पुढे सांगतो. मधल्या माणसाचे हे काम यंत्राने करावे, एवढीच या विद्येची महत्त्वाकांक्षा आहे. ती जितकी साधी वाटते तितकीच अवघड निघाली.

सुरुवात अर्थातच लष्करी पैशातून झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात ‘पॅकेट रेडिओ’चे प्रयोग केले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेला मजकूर रेडिओ, तारा आणि उपग्रह अशा तीन वेगळ्या जाळ्यांतून अटलांटिकपार जाऊन परत आला. इंटरनेटच्या जन्मकथेत ही व्हॅन नेहमी भेटते. आपल्याला तिचे महत्त्व वेगळे आहे: त्या दिवशी जाळ्याचे एक टोक चाकांवर होते.

तारेच्या जाळ्यात शेजारी कोण, हा प्रश्नच नसतो. तार ज्याच्याकडे जाते तो शेजारी. रेडिओत शेजार ही अफवा असते. मला तुमचे ऐकू येते म्हणून तुम्हाला माझे येईलच असे नाही, आणि आत्ता येते म्हणून वळणापलीकडे येईल असेही नाही. तारेसाठी लिहिलेले राउटिंगचे नियम अशा शेजारात नेऊन ठेवले की पहिला रोग दिसतो तो गोल फिरण्याचा. ढाणकीवाल्याची बिटरगावची वाट तुटली, पण उमरखेडवाला अजून जुन्याच माहितीवर सांगतो आहे की ‘मला ठाऊक आहे वाट’. त्याची ती वाट मुळात ढाणकीवरूनच जात होती, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. मग निरोप या दोघांतच फिरत बसतो आणि प्रत्येक फेरीत दोघांच्या वहीत बिटरगाव एक टप्पा लांब होत जाते.

१९९४ साली चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत या दोघांनी त्यावर जो उपाय मांडला, तो मला आजही देखणा वाटतो. प्रत्येक वाटेवर तारीख घाला, आणि ती तारीख घालण्याचा अधिकार फक्त मुक्कामाच्या गावाला द्या. बिटरगावची वाट किती ताजी हे बिटरगावच ठरवणार. तारीख नवी असेल ती वाट धरायची. तारीख सारखीच असेल तर कमी टप्प्यांची. मुक्कामाचे गाव नेहमी सम आकडा देते. मध्येच कोणाला वाट तुटलेली दिसली तर तो पुढचा विषम आकडा घालून ‘वाट मोडली’ असे जाहीर करतो, आणि गावाकडून नवा सम आकडा आला की ती बातमी आपोआप रद्द होते. संपूर्ण पद्धतीचा प्राण एका आकड्यात आहे. तिचे नाव डीएसडीव्ही. याच भागवतांनी पुढे वाय-फाय सुरक्षेची एअरटाइट नेटवर्क्स ही कंपनी उभारली. तिचे बरेचसे संशोधन पुण्यात झाले. पुढे मोजो नेटवर्क्स या नावाने असताना २०१८ मध्ये ती अरिस्टा या कंपनीने विकत घेतली. फिरत्या जाळ्याच्या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा आणि पुण्यातली एक कचेरी यांच्यात असा एकाच माणसाचा धागा आहे, हे आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सांगत नाही.

डीएसडीव्हीचा दोष एकच, ती फार बोलते. कोणाला निरोप धाडायचा असो वा नसो, प्रत्येकाने आपली वही ठराविक वेळाने शेजाऱ्यांना वाचून दाखवायची. हवा तर सगळ्यांची सामाईक. एक बोलत असताना आसपासच्यांनी गप्प बसायचे. वह्या वाचण्यातच हवा भरून गेली तर निरोपाला जागा कुठली? इथून पुढच्या जवळजवळ सगळ्या सुधारणा मला एकाच दिशेने जाताना दिसतात: राउटर कमी बोलायला आणि जास्त ऐकायला शिकतो आहे. पुस्तकाची प्रकरणे मी त्याच क्रमाने लावली आहेत. साल-सनावळीचा क्रम त्यामुळे दोन ठिकाणी मोडला, त्याला इलाज नव्हता.

२००३ साली दोन पद्धतींची अधिकृत टिपणे काही महिन्यांच्या अंतराने निघाली. एक एओडीव्ही. ती म्हणते, गरज पडेल तेव्हाच विचारा. आणि विचारतानाही लगेच गावभर दवंडी पिटू नका. आधी गल्लीत विचारा, उत्तर नाही आले तर पेठेत, मग गावात. दुसरी ओएलएसआर. तिला वाट आधीपासून तयार हवी असते, पण दवंडीचा खर्च ती वेगळ्या युक्तीने वाचवते. कोतवालाची हाक प्रत्येक घराने पुन्हा ओरडण्याची गरज नसते. चार चौकांतले चौघे ओरडले की ती शेवटच्या घरापर्यंत पोचते. हे चौघे कोण, ते प्रत्येक संच आपल्यापुरते निवडतो: माझ्या शेजाऱ्यांपैकी असे थोडके कोण, ज्यांच्यामार्फत माझ्या शेजाऱ्यांचे सगळे शेजारी गाठता येतील? बाकीच्यांनी ऐकायचे, पुढे ओरडायचे नाही. दाट वस्तीत ही युक्ती फार कामाची ठरते. विरळ माळावर तिचा उपयोग थोडा, कारण तिथे प्रत्येक घर हाच चौक असतो.

यानंतरची सुधारणा मला पुस्तकातून कळली नाही, फजितीतून कळली. मी तीन जुने घरगुती राउटर घेऊन त्यांवर ओपन-डब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चढवले आणि नदीकाठाने ते मांडले: एक अलीकडे, एक पलीकडे, एक मध्ये. मधला संच दोघांनाही ठणठणीत ऐकू येत होता. तरी निरोप मधल्याला वगळून थेट पलीकडे जाऊ पाहायचा आणि अर्ध्या वाटेत गळायचा. दोष माझाच. राउटरला मी ‘कमीत कमी टप्पे’ एवढाच नियम दिला होता, आणि तो बिचारा पाळत होता. कमी टप्पे म्हणजे लांब उड्या, आणि लांब उडी म्हणजे कमकुवत उडी.

अमेरिकेत एमआयटीच्या रूफनेट जाळ्यावर काम करणाऱ्यांनी २००३ मध्ये यासाठी ईटीएक्स हे माप सुचवले. टप्पे मोजू नका, एक निरोप पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागेल ते मोजा. थेट उडीत शंभरातले पन्नास पोचतात आणि पोचपावत्यांतल्याही निम्म्याच परत येतात असे धरा. मग पूर्ण यश शंभरात पंचवीस, म्हणजे सरासरी चार प्रयत्न. मधल्या संचामार्फत जाताना दोन्ही टप्प्यांवर जाता-येता नव्वद टक्के यश असेल तर एका टप्प्याला साधारण १.२३ प्रयत्न, दोन्ही मिळून अडीच. दोन टप्पे एकापेक्षा स्वस्त! हा गुणाकार मी कागदावर केला तेव्हा नदीकाठची माझी दुपार आठवून स्वतःशीच हसलो.

पुस्तकातले सर्वात लांब प्रकरण मात्र त्याच्याही पुढच्या गोष्टीवर आहे, कारण व्यवहारात तीच सर्वात कमी सांगितली जाते. गाडीवरच्या जाळ्यात राउटर आणि रेडिओ हे बहुधा दोन वेगळे डबे असतात, एका तारेने जोडलेले. शेजारी गेला की नाही हे राउटर कसे ओळखतो? तो ठराविक वेळाने ‘आहेस का’ म्हणून हाक देतो. ओएसपीएफ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत साधारणतः दर १० सेकंदांनी हाक, आणि ४० सेकंद उत्तर नाही आले की शेजारी मेला असे समजायचे. कचेरीतल्या तारेला हे ठीक. पण ताशी ४० किलोमीटरने चाललेली जीप ४० सेकंदांत जवळजवळ साडेचारशे मीटर जाते. ती वळणाआड गेली, टेकडीमागे उतरली, तरी राउटर तिच्याच नावाने निरोप ढकलत राहतो. हाका वाढवाव्यात तर हवा भरते.

आणि गंमत अशी की रेडिओच्या डब्याला सगळे ठाऊक असते! लहर क्षीण झाली, वेग उतरला, शेजारी गेला. क्षणाक्षणाची खबर त्याच्याकडे असते. फक्त राउटरने कधी विचारले नाही आणि रेडिओला सांगण्याची भाषा नव्हती. एका घरात राहून न बोलणाऱ्या दोन भावांसारखी ही अवस्था. ती भाषा टप्प्याटप्प्याने तयार झाली. सिस्कोसारख्या राउटरवाल्यांनी ‘रेडिओ-जागृत राउटिंग’ म्हणून जे आणले, त्याची पहिली जाहीर टिपणे २००७ आणि २०१० सालची. आणि २०१७ मध्ये डीएलईपी ही सर्वांसाठीची भाषा मुक्रर झाली. तिच्यात रेडिओ राउटरला तारेवरून सांगतो: हा शेजारी आला, हा गेला, याच्याशी सध्या एवढा वेग निघतो, एवढा उशीर लागतो, दुवा शंभरात इतक्या प्रतीचा आहे. हवेत एक अक्षरही खर्च न होता राउटरला शेजार कळतो. आधी रेडिओचा वेग उतरला तरी राउटर पूर्वीच्याच वेगाने पोती उतरवत राहायचा आणि दारात ढीग साचायचा; आता मागणीप्रमाणे माल सुटतो. हाका कमी, खबर जास्त. माझ्या मते या तीस वर्षांतली सर्वात शहाणी सुधारणा हीच, आणि तिच्यात गणित जवळजवळ नाही.

याच काळात ओएसपीएफलाच फिरत्या जाळ्याचे कपडे शिवण्याचे प्रयत्न झाले. २००९-१० मध्ये त्यासाठी तीन वेगवेगळे प्रस्ताव निघाले आणि तिन्हींवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का बसला. एक रोगी, तीन वैद्य. त्या वादात मी वाचकाला फार वेळ अडकवलेले नाही.

फिरत्या जाळ्याचे महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर मी वाचकाला कर्जत तालुक्यात नेईन. खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पोरांच्या हातातली ती यंत्रे स्वतःच राउटर होती, हे त्या वेळी वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. पडद्याच्या दोन बाजूंना कानांसारख्या उभ्या राहणाऱ्या अँटेना, आणि आत वाय-फायची अशी चिप की लॅपटॉप झोपला तरी ती शेजाऱ्याचे निरोप पुढे देत राही. जाळे बांधण्याचा नियम तेव्हा कच्च्या मसुद्यातच होता, ८०२.११एस या नावाने तो पक्का झाला २०११ मध्ये, आणि त्याची मुख्य पद्धत एओडीव्हीचीच मुलगी आहे. कल्पना अशी की पोरे वाडीत पांगली तरी घराघरातून जाळे शाळेपर्यंत पोचेल.

जगभरच्या अनुभवातून उलटेच दिसले. पोरे पांगलेली असताना अडचण फारशी नव्हती. अडचण वर्गात होती. एका खोलीत सगळी यंत्रे दाटीवाटीने बसली की प्रत्येकाची विचारपूस प्रत्येकाला ऐकू जायची आणि जाळ्याच्या स्वतःच्या बडबडीनेच हवा भरायची. अशा शाळांना साधा वाय-फायचा खांब लावा असे सांगण्याची पाळी आली, आणि पुढच्या पिढीच्या लॅपटॉपमधून ते चिपमधले जाळे काढूनच टाकले गेले. ज्याला मोठ्याने बोलायची सवय तो जत्रेत खपतो, खोलीत नाही. हे अपयश मी पुस्तकात तपशिलाने दिले आहे, कारण आपल्याकडे यशोगाथांची पुस्तके पुष्कळ आहेत.

पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून गावे जोडली आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवले. काम मोठे आहे. पण त्यातले खांब जागचे हलत नाहीत, म्हणून या पुस्तकात त्याला दोनच पाने आहेत.

सॉफ्टवेअर कितीही सुधारले तरी एक भिंत राहते. ती दाखवणाऱ्यांपैकी एक पी. आर. कुमार, जन्म नागपूरचा. पीयूष गुप्ता यांच्यासह त्यांनी २००० साली सिद्ध केले की अशा जाळ्यात माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत जाते. शंभराचे चारशे संच केले तर एकेकाचा वाटा निम्म्याहूनही खाली येतो, कारण बहुतेक वेळ दुसऱ्याचे निरोप वाहण्यात जातो. वाचून धीर सुटावा असे हे प्रमेय. पण दुसऱ्याच वर्षी ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी त्यात एक फट दाखवली. संच हलते असतील आणि निरोपाला घाई नसेल, तर पुढे देण्याची घाई करू नका. नेणाऱ्याच्या खिशात निरोप राहू द्या, तो फिरत फिरत मुक्कामाजवळ गेला की द्या. मग हलणे हाच फायदा ठरतो. याच सुमाराच्या डाकनेट प्रयोगात कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर भागात बसवर वाय-फाय बसवून खेड्यांतल्या जमिनीच्या नोंदींची कामे अशीच नेली-आणली गेली. बाजारातला सांगावा आणि एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलेली पिशवी, दोन्हींना उच्च गणिताचे प्रमाणपत्र मिळाले म्हणायचे.

आजच्या तरुण वाचकाला हे सगळे सर्वात स्वस्तात जिथे हाताळता येईल ते म्हणजे २०२० पासून सुरू झालेले मेशटॅस्टिक. तळहाताएवढे ‘लोरा’ जातीचे रेडिओ संच, बोलणे नाही, फक्त छोटे मजकूर. त्याची पद्धत दवंडीचीच, पण सभ्य दवंडी: निरोप ऐकल्यावर लगेच ओरडायचे नाही, थोडे थांबायचे. ज्याला तो क्षीण ऐकू आला, म्हणजे जो बहुधा लांब आहे, त्याने कमी थांबायचे. थांबलेले असताना दुसऱ्याने पुढे दिल्याचे कानावर आले की आपण गप्प. साधारणतः तीन टप्प्यांनंतर निरोप विरतो. पोथीतल्या पद्धतींपुढे हे अगदीच खेडवळ दिसते. आमच्याकडे नेमके तेच आधी चालेल, असे माझे मत आहे.

शब्दांविषयी थोडे. राउटर, नोड, पॅकेट हे शब्द तसेच ठेवले. ‘हॉप’ला टप्पा म्हटले, कारण टप्पा वाहतूक आमच्या रोजच्या जगण्यातली आहे. ‘मार्गनिर्देशक’ वगैरे शब्द लिहून पाहिले आणि खोडले.

आता प्रयोगाला हात घालण्यापूर्वीच्या दोन सूचना. भारतात २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या मर्यादेतल्या कमी शक्तीला परवान्याशिवाय मोकळे आहेत. पोलीस आणि वनखात्याच्या लहरींच्या वाटेला जाऊ नका. या मर्यादेहून जास्त काही करायचे असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्या, ती अवघड नाही. आणि अंतरे मोजायची असतील तर ती श्रावणात मोजा. वैशाखात साग निष्पर्ण असतो, लहर सहज आरपार जाते आणि वहीत छान आकडे येतात. पावसाळ्यात त्याच सागाला सुपाएवढी ओली पाने असतात, आणि पूरही तेव्हाच येतो.